एमबीएचा पहिला आठवडा: सांगलीत बस्तान बसवताना

प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या, की सांगलीच्या एसटी स्टँडवर ट्रंक, गादीची वळकटी आणि पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतलेली मुलं-मुली दिसायला लागतात. सोबत बहुतेक वेळा वडील नाहीतर मामा. आटपाडीकडून मीही अशीच एमबीएला आले होते. आता इथल्याच एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करते आणि दरवर्षी नव्या तुकडीशी बोलायला कॉलेजात जाते. भाषणं संपली, की मुलं व्हरांड्यात येऊन हळू आवाजात काही प्रश्न विचारतात. खोलीचं काय, कागद राहिला तर काय, इंग्रजी येत नाही तर काय. त्या प्रश्नांची उत्तरं इथं नीट लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ओरिएंटेशनच्या आठवड्यात कुणालाच काही माहीत नसतं, आणि तसं नसणं सगळ्यांना मान्य असतं. ग्रंथालयाचं कार्ड कुठं मिळतं, नॉन-क्रिमीलेयर कुठल्या खिडकीवर द्यायचं, ताळेबंद म्हणजे नेमकं काय, हे या सहा दिवसांत कुणालाही विचारा, लोक आपणहून सांगतात. तोच प्रश्न दिवाळीनंतर विचारायला जीभ रेटत नाही. म्हणून हा आठवडा विचारण्यात घालवा. एक छोटी वही खिशात ठेवा, मनात आलेला प्रश्न तिथं लिहा आणि रात्री झोपायच्या आधी बघा, आज किती सुटले.

खोली बघताना

हॉस्टेल मिळालं असेल तर हा भाग तुमच्यासाठी नाही. नसेल, तर कॉलेज सुरू व्हायच्या तीन-चार दिवस आधी या आणि दिवसाउजेडी खोल्या बघा. विश्रामबाग, शंभर फुटी रोड, वारणाली या बाजूला कॉट बेसिसवर जागा मिळतात. म्हणजे भाडं पलंगापुरतं, खोलीत आणखी दोघंतिघं.

सांगलीत भाडं विचारायच्या आधी घरमालकांना एक प्रश्न विचारायचा: ‘काका, २०१९ ला इथं पाणी कुठवर आलं होतं?’ सांगलीकर यावर कधी चिडत नाही. उलट भिंतीवर हात ठेवून खूण दाखवेल. ती खूण तुमच्या गुडघ्यावर आहे, डोक्यावर आहे, की ‘इकडं आलंच नव्हतं’ असं उत्तर आहे, यावर खोली ठरवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. २००५ ला आणि २०२१ लाही शहरात पाणी शिरलं होतं. पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात इथं सकाळी ‘आज किती फूट?’ असं कुणी विचारलं, तर ते याबद्दल असतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड, मारुती चौक या भागांना नदीचं पाणी लवकर गाठतं. शामरावनगरात पावसाचंच पाणी साचून राहतं. विश्रामबागचा भाग त्या मानानं उंच आहे.

हे मी अंगावरून गेल्यावर शिकले. माझी पहिली खोली नदीच्या बाजूला होती. भाडं कमी, शिवाय घाटावर जायला दोन मिनिटं, म्हणून वडिलांना फार आवडली. आमच्या दुष्काळी माणदेशातल्या माणसाला नदीजवळचं घर म्हणजे सुखच वाटतं. तिसऱ्या आठवड्यात कोयनेतून पाणी सोडलं, पातळी चाळीसच्या वर गेली आणि घरमालकांनी पहाटे दार वाजवलं. माझी पुस्तकं आणि दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं पलंगाखालच्या पेटीत होती. पेटी डोक्यावर घेऊन मी माधवनगरला एका मैत्रिणीकडं गेले. कागद वाचले, पण पहिल्या चाचणीच्या अभ्यासाचे आठ दिवस वाहून गेले.

घरमालकांशी बोलून ठरवायच्या बाकीच्या गोष्टी साध्या आहेत: नळाला पाणी किती वाजता येतं, लाईटबिल भाड्यात की वेगळं, रात्री गेट किती वाजता बंद, डिपॉझिट परत कधी आणि किती कापून. ओरिएंटेशनच्या आठवड्यात एखादा कार्यक्रम रात्री आठपर्यंत लांबतो. तेव्हा गेटचं आधीच बोलून ठेवा. ठरलेलं सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. ओळखीचे असले तरीही. लिहिलेलं असलं, की पुढं बोलाचाली होत नाही आणि ओळख टिकते.

मेसचं एकच सांगते. महिन्याचे पैसे आगाऊ द्यायच्या आधी दोन दिवस रोखीनं जेवून बघा आणि खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करायचा, नियम विचारा. गावी जाताना किती दिवस आधी सांगितलं तर खाडा धरतात, महिन्यात किती खाडे चालतात, सलग किती दिवसांचा लागतो, हे प्रत्येक मेसचं वेगळं असतं. दर शनिवार-रविवारी घरी जाणाऱ्यांच्या महिन्याच्या हिशोबात यानं चांगलाच फरक पडतो.

रोज अप-डाऊन करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी कॉलेजकडून बोनाफाईड घेऊन एसटीचा पास काढावा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला तिकिटाच्या एक तृतीयांश पैसे पडतात. आणि कार्यक्रमाच्या संयोजकांना आपल्या शेवटच्या गाडीची वेळ स्पष्ट सांगून ठेवा. ‘सर, माझी शेवटची एसटी सव्वासातला आहे’ हे वाक्य बोलायला संकोच करू नका. अर्धा वर्ग त्याच अडचणीत असतो आणि कुणीतरी पहिल्यांदा बोलायची वाट बघत असतो.

कागदांचं काम, जे पुढं ढकलायचं नाही

ऑफिसच्या खिडकीवर पहिले तीन दिवस रांग असते, म्हणून बरेच जण ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतात. तसं करू नका. शिष्यवृत्तीच्या वेळी कळतं, की एक दाखला राहिला आहे, आणि तो काढायला पुन्हा तहसीलला खेटे घालावे लागतात.

सगळ्या कागदांच्या पाच झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्वच्छ स्कॅन हवेत. सीईटीचं गुणपत्रक, कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीचं वाटपपत्र, दहावी-बारावी-पदवीची गुणपत्रकं, डोमिसाईल, जात दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला, आणि शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. दाखल्यावरची तारीख आज पुन्हा एकदा वाचा. पदवी पुण्याहून किंवा सोलापूरहून केली असेल, तर शिवाजी विद्यापीठासाठी त्या विद्यापीठाचं मायग्रेशन (विद्यापीठ बदलल्याचा दाखला) लागतं. त्याचा अर्ज याच आठवड्यात करून टाका.

कॉलेजनं मूळ गुणपत्रकं तपासून परत द्यायची असतात, ठेवून घ्यायची नसतात. यूजीसीनं २०१८ मध्ये तसं स्पष्ट कळवलेलं आहे. आधीच्या कॉलेजचा सोडल्याचा दाखला मात्र इथं जमा होतो, म्हणून तो देण्यापूर्वी त्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा. काहीही जमा केलं, की पोच घ्या. साधी सही-तारीखही पुरते.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर स्वतः नोंदणी करा. सायबर कॅफेवाल्याकडून केली, तरी युजरनेम आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्या. आणि मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, ओटीपी त्यावर येतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल, तर निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून मोठा बदल झालेला आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश कॅपमधून झालेला हवा, संस्थास्तरावरच्या प्रवेशाला हे लागू नाही. घरापासून लांब राहणाऱ्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेबद्दलही खिडकीवर विचारावं. भाडेकरार कामाला येतो तो इथं.

एक चूक मी दरवर्षी बघते. अर्ज मंजूर होतो, पण पैसे येत नाहीत, कारण आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं. सरकारी पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात, अर्जात कुठलंही खातं लिहिलं असलं तरी. बँकेत जाऊन ‘माझं आधार कुठल्या खात्याला मॅप आहे?’ असं विचारा. जुन्या, बंद पडलेल्या खात्याला असेल, तर बदलून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

ऑफिसातल्या मंडळींशी नीट वागा. दोन वर्षांत तुमचं सगळ्यात जास्त काम त्यांच्याशी पडणार आहे. आमच्याकडं शिपाईमामांना मामाच म्हणायची पद्धत होती. कुठली खिडकी दुपारी किती वाजता उघडते, कुठले साहेब आज रजेवर आहेत, हे नोटीस बोर्डापेक्षा मामांना आधी माहीत असायचं.

पहिला दिवस

दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं. मन लावून ऐका, पण वहीत दोनच प्रकारच्या गोष्टी लिहा: नावं आणि तारखा. कोण कुठला विषय शिकवणार आणि कशाची शेवटची तारीख कधी. बाकीचं सगळं माहितीपुस्तिकेत असतं.

कपड्यांचं दडपण घेऊ नका. एक पांढरा किंवा फिकट निळा शर्ट, एक गडद पँट, साधे काळे बूट पुरतात. मुलींना साधा, इस्त्री केलेला कुर्ता चालतो. ब्लेझर कॉलेजचा ठरलेला असतो, तो वर्गानं मिळून एकाच शिंप्याकडं शिवायला टाकला की स्वस्त पडतो. आधीच महागातला घेऊन ठेवू नका, रंग वेगळा निघाला तर पैसे वाया. पाऊस असतो, तेव्हा बुटांत दिवसभर ओले पाय नको असतील तर पिशवीत एक जादा मोज्यांचा जोड ठेवा.

हजेरीची अट काय आहे, अंतर्गत गुण कशाकशाला मिळतात, समर इंटर्नशिप कुठल्या सत्रानंतर असते, याचं उत्तर पहिल्या दोन दिवसांत मिळवा. एमबीए दोन वर्षांचं, चार सत्रांचं. ऐकायला भरपूर वाटतं. प्रत्यक्षात दुसरं सत्र संपलं, की तुम्ही कुठल्या तरी कंपनीत इंटर्न म्हणून उभे असता.

स्वतःची ओळख

आता ज्या गोष्टीनं बहुतेकांची झोप उडते तिच्याकडं येते. दुसऱ्या दिवशी नाहीतर तिसऱ्या, सगळ्यांना पुढं येऊन इंग्रजीतून दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलायला सांगतात.

मी ते पाठ करून गेले होते. इंटरनेटवरून उतरवलेलं. ‘आय अ‍ॅम हार्डवर्किंग, पंक्च्युअल अँड अ टीम प्लेयर.’ तिसऱ्या वाक्याला अडकले. समोर साठ चेहरे, पंख्याचा आवाज आणि माझ्या तळहाताला आलेला घाम. मॅडम खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांनी शांतपणे मराठीत विचारलं, ‘घरी काय करतात गं?’ म्हटलं, डाळिंबाची बाग आहे. ‘एका पेटीला गेल्या वर्षी काय पडलं?’ मग मी बोलायला लागले. औषधाचा खर्च, तेल्या रोग आला तेव्हा अर्धी बाग कशी काढली, सांगोल्याच्या व्यापाऱ्यानं दर पाडून मागितला, म्हणून वडील माल घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डाला गेले आणि गाडीभाडं वजा जाता हातात काय उरलं. दोन मिनिटांची मी पाच मिनिटं बोलले. मॅडम म्हणाल्या, ‘हेच आता इंग्रजीत सांग. चुकलं तर चुकू दे.’ पहिलं वाक्य मोडकंतोडकं आलं. पण मला काय सांगायचं आहे ते माझ्याकडं होतं, त्यामुळं शब्द शोधत शोधत का होईना, मी शेवटापर्यंत गेले.

तेव्हापासून मी नव्या मुलांना ओळखीची तयारी अशी करायला सांगते. आधी मराठीत बोला, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. तुम्ही जवळून पाहिलेला एक व्यवहार निवडा: घरची शेती, वडिलांचं किराणा दुकान, आईचा बचत गट, गावच्या दूध संस्थेतलं फॅटवरचं भांडण, सुट्टीत केलेली कुठलीही नोकरी. त्यातला एक आकडा पक्का माहीत असू द्या. मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत मांडा, एका वाक्यात एकच गोष्ट. अवघड शब्द आला, तर सोपा शोधा. सोपा सापडला नाही, तर मराठी शब्द तसाच वापरा. ‘आडत’ला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. ‘मी मेहनती आहे’ हे वाक्य टाळा, बागेचं ऐकून समोरच्याला ते आपोआप कळतं.

दुसऱ्याची ओळख ऐकताना वहीत नाव, गाव आणि एक खूण लिहा. ‘कवठेमहांकाळ, बेदाण्याचं शेड.’ ‘मिरज, वडील सतार बनवतात.’ जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडं जाऊन त्याच खुणेवरून बोलणं सुरू करा. आठवडाभरात बारा-पंधरा जणांशी असं खरं बोलणं झालं, तर पुढं गटाचं काम वाटून घेताना कुणाला काय येतं ते तुम्हाला आधीच माहीत असतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साठ नंबर असतात, पण नोट्स मागायला रात्री अकराला फोन करण्याइतकी ओळख त्यातल्या चौघांशीच होते. ते चौघं याच आठवड्यात भेटतात.

ब्रिज कोर्स: नावे आणि जमा

पदवी कॉमर्सची नसणाऱ्यांसाठी बहुतेक कॉलेजांत अकाउंट्स आणि संख्याशास्त्राचे काही जादा तास असतात. अभियांत्रिकीची मुलं तिथं बसायला नाखूश असतात. बसा. पुढचं फायनान्स या दोन-तीन तासांवर उभं राहतं.

सगळे अडखळतात ते डेबिट-क्रेडिटवर. मराठीत आपल्याकडं याला पूर्वीपासून चांगले शब्द आहेत: नावे आणि जमा. गावच्या दुकानदाराच्या खतावणीत हेच असतं. नियम तीन. व्यक्तीच्या खात्यात घेणारा नावे, देणारा जमा. वस्तू-मालमत्तेच्या खात्यात येतं ते नावे, जातं ते जमा. आणि खर्च-नुकसान नावे, उत्पन्न-फायदा जमा.

मेसच्या मावशींना तुम्ही महिन्याचे तीन हजार आगाऊ दिले असं धरा. तुमच्या वहीत मावशींचं खातं नावे, कारण घेणाऱ्या त्या. रोख जमा, कारण रोख गेली. महिनाभर जेवून झालं, की जेवणखर्च नावे आणि मावशी जमा. मावशींनी दिलं, तुम्ही खाल्लं. झाला हिशोब.

मग नेहमीचा गोंधळ: खात्यात पैसे भरले, तर बँकेचा एसएमएस ‘क्रेडिट’ म्हणतो, आणि सर म्हणतात, बँक डेबिट करा. दोन्ही बरोबर. एसएमएस बँकेच्या वहीतून येतो, तिथं पैसे देणारे तुम्ही, म्हणून तुमचं खातं जमा. तुमच्या वहीत घेणारी बँक, म्हणून बँक नावे. वही कुणाची आहे, हे आधी विचारायचं. मला हे कळायला दीड महिना लागला होता, कारण पहिल्या आठवड्यात विचारलं नव्हतं.

याच तासांना जोडून एक सराव करा. आठवडाभराचा स्वतःचा खर्च एक्सेलमध्ये भरा: तारीख, कशावर, किती, कुणाला. रविवारी बेरीज, सरासरी आणि प्रकारवार पिव्हट टेबल (एक्सेलमधला गटवार बेरजेचा तक्ता) काढा. चहा-वडापावाची रक्कम बघून बहुतेकांना धक्का बसतो, आणि एक्सेलही शिकून होतं. लॅपटॉप नसेल, तर लगेच कर्ज काढून घेऊ नका. कॉलेजची लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचारा, पहिलं सत्र त्यावर निघतं.

सीनिअर

सीनिअरांकडून तीन गोष्टी मागा: जुन्या प्रश्नपत्रिका, इंटर्नशिपला ते कुठं गेले त्याची यादी, आणि कुठल्या सरांना असाइनमेंट हातानं लिहिलेली लागते. हे सगळं ते खुशीनं देतात.

आणि एक गोष्ट कुणाचाही धाक न बाळगता लक्षात ठेवा. ओळखीच्या नावाखाली कुणी गाणं म्हणायला, उभं राहायला, रात्री खोलीवर यायला, पैसे द्यायला भाग पाडत असेल, तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि यूजीसीचे नियम २००९ पासून सगळ्या देशाला लागू आहेत. यूजीसीची चोवीस तासांची हेल्पलाईन १८००-१८०-५५२२. नंबर आजच सेव्ह करा. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याला आणि पालकाला ऑनलाईन भरावं लागतं, तेव्हा वडिलांना नुसता ओटीपी विचारू नका, हे कशासाठी आहे ते समजावून सांगा. मुलींनी अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, त्यांचा फोन काय, हे नोटीस बोर्डावरून उतरवून घ्यावं. नोटीस नसेल, तर ऑफिसात मागावी. ती लावणं कॉलेजवर बंधनकारक आहे.

बुधवारची संध्याकाळ

कुणी बोलत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरची आठवण फार येते. पहिले दोन दिवस धावपळीत जातात, मग एक संध्याकाळ अशी येते, की खोलीत कुणी नसतं, बाहेर पाऊस लागलेला असतो आणि मेसच्या भाजीची चव घरच्यासारखी नसते. मी त्या संध्याकाळी पिशवी भरून ठेवली होती. सकाळची पहिली गाडी पकडून परत जायचं, बी.एड. करायचं, असं ठरवून टाकलं होतं. शेजारच्या खोलीतली शिराळ्याची मुलगी आली, तिनं पिशवी बघितली आणि काही न विचारता भडंगाचा पुडा फोडला. वर कांदा चिरून घातला. आम्ही दोघी पलंगावर बसून तो पुडा संपवला. तिचाही भाऊ दुसऱ्या दिवशी तिला न्यायला येणार होता, हे मला दिवाळीत कळलं.

म्हणून सांगते, त्या संध्याकाळी एकटं बसू नका. घरी फोनची वेळ ठरवून घ्या, दिवसातून एकदाच, जेवणानंतर. दर तासाला आईला फोन केला, तर दोघींचंही मन तिथंच अडकून राहतं. गणपती त्याच सुमाराला येतात. सांगलीत तर चतुर्थीच्या आधीच गुपचूप चोर गणपती बसतो. गणपती मंदिरात आरतीला जा, घाटावर बसा. वर्गातल्या स्थानिक मुलांच्या घरी आरतीचं बोलावणं आलं, तर नाही म्हणू नका. खूप दडपण आलं, झोप-जेवण तुटलं, तर वर्गशिक्षकांना किंवा समुपदेशकांना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

गाव समजून घ्या, तीच पहिली केस स्टडी

शुक्रवारी किंवा शनिवारी कॉलेज कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीत एखादा कारखाना दाखवायला नेतं. बंद बूट घाला आणि फोटोंपेक्षा प्रश्न जास्त काढा. मशीनजवळच्या माणसाला विचारा, ‘काम कशामुळं थांबतं?’ त्या एका प्रश्नातून कच्चा माल, वीज, कामगार, वाहतूक सगळं निघतं. आमच्याकडं भेटीला येणाऱ्या मुलांत असा प्रश्न विचारणारी दोनतीनच असतात, आणि इंटर्नशिपच्या वेळी त्यांचीच नावं आमच्या लक्षात असतात.

त्याच्या पुढं जाऊन एक सकाळ स्वतः काढा. वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघा. आत शिरलं, की आधी वास येतो, मग पिवळी धूळ कपड्यांवर बसते. पोत्यातून मूठभर हळकुंडं काढून व्यापारी एखादं मोडतो, आतला रंग बघतो, आणि त्यावर दर बोलतो. इथल्या हळदीला २०१८ मध्ये आणि बेदाण्याला त्याच्या आधी २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आडत्याला मोकळा वेळ बघून विचारा: शेतकऱ्याला पैसे किती दिवसांत, आडत किती, माल कोण परगावी नेतं. खेळतं भांडवल म्हणजे काय, हे त्या दहा मिनिटांत जितकं कळेल तितकं पुस्तकाच्या प्रकरणात कळत नाही.

रविवारी हरिपूरला जा. सांगलीपासून तीन-चार किलोमीटर, कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ. तिथल्या जमिनीत हळद साठवायची पेवं आहेत. वरून माणूस उतरेल एवढंच तोंड आणि आत पोटाशी मोठी खोली. मातीच्या गुणामुळं हळद त्यात वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकायची. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, हवा खेळू देतात. २००५ च्या पुरानं त्यातली पुष्कळ पेवं निकामी केली. बिनखर्चाचं कोठार, आणि ते एका पुरात जाणं, यावर वर्गात साठवणूक आणि जोखमीच्या तासाला बोलता येईल.

रेल्वेनं किर्लोस्करवाडी आणि भिलवडी ही स्टेशनंही याच जिल्ह्यात लागतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना आणि त्याच्याभोवती वसाहत उभी केली. चितळ्यांचा दुधाचा व्यवसाय भिलवडीतून वाढला. जोडीला वाळवा-पलूस भागातले सहकारी साखर कारखाने. पहिल्या असाइनमेंटला परदेशी कंपनीचं उदाहरण सगळेच घेतात. तुम्ही यातलं एक घ्या. एक चक्कर प्रत्यक्ष मारता येते, माणसांना विचारता येतं, आणि सरांनी उलट प्रश्न विचारला, तर उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर असतं.

रविवारी रात्री

खिशातली वही काढा. न सुटलेले प्रश्न एका बाजूला लिहा आणि प्रत्येकापुढं, हे कुणाला विचारायचं, त्याचं नाव. वेळापत्रक भिंतीवर लावा. कागदांची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, पलंगाखाली नको. शर्टाला इस्त्री करून ठेवा. आणि मेसच्या मावशींना उद्याच्या डब्याची वेळ आजच सांगा. पहिला तास साडेनऊला असेल, तर डबा नऊला हातात हवा.